चार जोड, एक माप

प्रतिभाच्या गुडघ्यातून आवाज आला तेव्हा स्वयंपाकघरात नेमकी शांतता होती. कुकरची शिट्टी होऊन गेली होती, फोडणी अजून पडायची होती. खालचा डबा काढायला ती उकिडवी बसली आणि उठताना उजवा गुडघा कट्ट करून बोलला. बाहेर झोपाळ्यावर तिच्या सासूबाई, तापीबाई बसल्या होत्या. तापीबाईंना समोरच्या माणसाचं बोलणं कमी ऐकू यायचं, पण सुनांच्या खोलीतलं, स्वयंपाकघरातलं आणि शेजारच्या घरातलं नीट ऐकू यायचं.

"कसाना आवाज शे वं?"

"पाट सरकना, बाई."

"पाट तं मन्हा पायखाले शे."

"मंग काडी तुटनी व्हई," असं म्हणून प्रतिभाने फोडणी टाकली, आणि मोहरीने पुढचं संभाषण बुडवलं.

गुडघा दुखतो हे सांगायला लाजण्यासारखं काही नव्हतं. त्या घरात सगळ्यांचंच काही ना काही दुखायचं आणि सगळेच सांगायचे. पण प्रतिभाच्या गुडघ्यावर तीन बायकांचा जिम टेकलेला होता.

हा जिमही काही हौसेने आला नव्हता. मधल्या जाऊबाईची, सीमाची साखर वाढली आणि डॉक्टर म्हणाले, रोज चाला. आता ब्राह्मणपुरीत बाईमाणसाने उगाच रस्त्याने चालून दाखवावं. सीमा पहिल्या दिवशी सकाळी निघाली तर पाच मोटरसायकली थांबल्या, आणि प्रत्येकाने हळू आवाजात विचारलं, "कोन गये, वहिनी?" सकाळच्या पारी हातात पिशवी नसलेली बाई झपाझप चाललेली दिसली म्हणजे कोणाच्या तरी दाराला जात असणार, हा गावाचा हिशेब. दुसऱ्या दिवशी तर एक म्हातारी रडतच मागे निघाली. तेव्हा धाकटी रुपा म्हणाली, शहाद्याला बायकांसाठी दुपारची बॅच आहे, जिममध्ये चालायचं यंत्र आहे, तिथे कोणी मेलंय का असं विचारत नाहीत.

तापीबाईंनी तीन दिवस विचार केला आणि मग निकाल दिला. "जाशात तं तिन्हीजनी जा. एकलीदुकली नही. आन् एक पडनी का तिन्हीजनी घर. मंग मन्हाजवळ रडाले येवानं नही."

तशा त्या तिघी रोज जेवणं आटोपून, डोक्यावर पदर घेऊन शेअर रिक्षात बसायच्या, आणि शहाद्याला खताच्या दुकानावरच्या मजल्यावर जाऊन पदर सोडायच्या. सीमा यंत्रावर चालायची. रुपा झुंबा करायची, दोरीवरच्या उड्या मारायची, आणि उरलेला वेळ आरशाला द्यायची. प्रतिभा पहिले आठ दिवस नुसती भिंतीला टेकून उभी होती. एक दिवस दलसिंगने, म्हणजे धडगावकडच्या त्या ट्रेनर पोराने, तिच्या खांद्यावर रिकामा बार ठेवून उठबस करायला सांगितली. दलसिंगचा एक दोष होता. तो "लास्ट, ताई" म्हणायचा आणि त्यानंतर सहा मोजायचा. पण प्रतिभा बसली, उठली, आणि तिला एक शोध लागला. बार खांद्यावर असतो तेव्हा कोणी हाक मारत नाही. प्रतिभा पाणी, प्रतिभा चहा, प्रतिभा माझा टॉवेल, असं एक अक्षर नाही. लग्नाला बावीस वर्षं झालेल्या बाईला हे सुख पहिल्यांदा भेटलं, आणि तेही लोखंड उचलून. मग ती दर खेपेला वजन वाढवत गेली, आणि गुडघा बोलायला लागला.

"ताई, नी स्लीव्ह घ्या ना," रुपा म्हणाली. तिने मोबाइलवर फोटो दाखवला. गुडघ्यावर चढवायची रबरी कापडाची नळी. "यात जाड येतात, पातळ येतात. नुसतं जड वजन उचलणाऱ्यांना जाड. पळणाऱ्या-नाचणाऱ्यांना पातळ. तुमचं मिक्स आहे, दोन दिवस बार, बाकी दिवस चालायचं यंत्र, मधेच कधी झुंबा. तुम्हाला मधलं. आणि माप उघड्या पायावर घ्यायचं. चढवताना ओढाताण झाली पाहिजे, आपोआप चढलं तर ते पायमोजे."

"मंग गुडघा बरा होईल?"

"बरा नाही होत. गरम राहतो, धरून राहतो. बाकी दलसिंग सरला सांगून वजन कमी करा."

एवढं साधं प्रकरण होतं. रुपाने ऑर्डर टाकली असती, वस्तू आली असती आणि ही कथा इथेच संपली असती. पण त्या घरातले सगळे व्यवहार प्रतिभाच्या नवऱ्याच्या, हेमकांतरावांच्या फोन नंबरवर बांधलेले होते. गॅसचा नंबर तो, बँकेचा तो, सुनांच्या मोबाइलच्या रिचार्जचाही तोच. केळीच्या बागेत उभ्या असलेल्या हेमकांतरावांचा खिसा वाजला, आणि त्यांनी लगेच बायकोला फोन लावला.

"मन्हा मोबाइलवर ओटीपी उना. काय मंगाडी ऱ्हायनी तू?"

"गुडघाले लावाना पट्टा."

"किती?"

"एक जोड."

"एक?" हेमकांतराव म्हणाले. "आन् बाकीन्या दोन? त्यासले पाय नहीत का?"

"त्यासना गुडघा दुखत नहीत."

"आज नहीत. तुन्हा जोड देखतीन का दुखाले लागतीन. तू थांब. मी देखस."

हेमकांतराव 'मी देखस' म्हणाले की घरातल्या बायका आधी देवाकडे आणि मग एकमेकींकडे बघायच्या. ते घरातले थोरले. आपल्या न्यायबुद्धीचा त्यांना फार अभिमान. फार वर्षांपूर्वी एका दिवाळीला त्यांनी तीन सुनांना तीन वेगळ्या काठांच्या साड्या आणल्या आणि होळीपर्यंत घरात भांडी आपटत होती. त्या दिवसापासून त्यांनी कायदा केला. या घरात वस्तू येईल तर तिघींना येईल. एक रंग, एक माप, एक भाव. त्यामुळे एका चुलीच्या घरात पाच पाच लिटरचे तीन कुकर होते. एका मापाचे तीन स्वेटर होते. त्यातला सीमाला बसला, रुपाने तिचा अंगाभोवती गुंडाळून त्याची लोकरीची शाल केली, आणि प्रतिभाचा कोपरापर्यंत जाऊन जो थांबला तो आजतागायत पुढे सरकला नव्हता. पण भांडण नाही. हेमकांतराव पारावर सांगायचे, "आमना घरमा भेद नही." खरंच नव्हता. सगळ्यांचीच सारखी गैरसोय होती.

रात्री जेवताना प्रतिभाने त्यांना हळूच बजावलं, "घ्याचं तं घ्या, पन बाईले सांगू नका. गुडघानं समजनं तं जिम बंद व्हई."

"मी कसाले सांगू?" हेमकांतराव दुखावले. "मी काय पोर्‍या शे?"

मग मापाचा प्रश्न आला. आता जेठाने, म्हणजे थोरल्या दिराने, धाकट्या भावजयांच्या गुडघ्यांचं नाव काढायचं म्हणजे काय, हे सांगायला नको. सीमा आणि रुपा त्यांच्यासमोर कपाळसुद्धा दाखवत नव्हत्या. गुडघा तर फारच लांबचा मुलुख. म्हणून त्यांनी आपल्या हक्काच्या गुडघ्याचं माप घ्यायचं ठरवलं. तेही उघड कसं घ्यायचं? दार सताड उघडं, समोर झोपाळ्यावर आई. त्यांनी केळीचे घड बांधायची सुतळी आणली, प्रतिभा ओट्याशी भाकरी थापत होती तिथे खाली वाकले, आणि साडीवरून, निऱ्यांसकट, परकरासकट सुतळी फिरवून गाठ मारली.

"अहो, साडीवरून माप लागत नही."

"चूप ऱ्हाय. बाई देखी ऱ्हायनी."

"पन रुपा बारीक शे, सीमाना पाय वेगळा—"

"मोठी वहूनं माप ते घरनं माप," हेमकांतराव म्हणाले. "ढिलं ऱ्हायनं तं धोवावर आटी जाई. घट्ट ऱ्हायनं तं काय करशी?"

आटण्यावर हेमकांतरावांचा फार विश्वास. रबर धुतल्याने आटतं की नाही असा क्षुद्र विचार त्यांच्या मनात आला नाही. ती सुतळी घेऊन ते सुरतेला गेले. आपल्याकडे लग्नाचा बस्ता असो की गाडीचा पार्ट, गोष्ट मोठी असली की माणूस सुरतेला जातो. त्यांच्या मते चार पायांहून अधिक पायांचा प्रश्न ही मोठी गोष्ट होती.

तिथल्या दुकानदाराने शहाण्यासारखं विचारलं, "शेठ, कई कसरत माटे जोइए?"

"बठ्ठ्या. सगळ्या. मिक्स."

दुकानदाराने काउंटरवर तीन प्रकार मांडले. हा तीन एमएम, पळायला आणि नाचायला. हा पाच, थोडं सगळं करणाऱ्यांना. हा सात, नुसतं वजन उचलणाऱ्यांना. याच्यात पळायला जाल तर पाय वाकायचा नाही आणि आत घामाचं तळं होईल. कोण काय करतं ते सांगा, त्याप्रमाणे तीन वेगळे देतो.

"तीन वेगळे दिले तर माझं घर फुटेल," हेमकांतराव म्हणाले.

दुकानदाराला गुडघ्याचे पट्टे आणि घर फुटणं यांचा संबंध कळेना. हेमकांतरावांनी तिन्ही प्रकार ठिबकची नळी दाबून बघावी तसे अंगठ्याने दाबून पाहिले. पातळ दबला, मधला दबला, जाड दबला नाही. झालं. त्यांच्या आयुष्यात नळी, ताडपत्री आणि जावई या तीन गोष्टी त्यांनी जाडीवरूनच पसंत केल्या होत्या. "सात एमएम. वांगी रंग. ह्या मापनं." त्यांनी सुतळी काउंटरवर टाकली. दुकानदाराने सुतळीचा वेढा बघितला, मग हेमकांतरावांकडे आदराने बघितलं. ज्या घरात असे गुडघे आहेत त्या घराशी वाद नको, असं त्याला वाटलं असावं. त्याने सगळ्यात मोठा साइज काढला.

"तीन जोड?"

"चार," हेमकांतराव म्हणाले.

चौथा कोणाचा हे प्रतिभाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. या घरात कुठलीही नवी वस्तू आली की पहिला नग आईच्या हातात पडायचा. साडी असो, स्टीलचा डबा असो, आधी तापीबाई. हेमकांतरावांनी देवापुढे चारही पाकिटं ठेवली, हळदीकुंकू वाहिलं, आणि पहिलं पाकीट आईच्या ओटीत घातलं. प्रतिभाचा जीव गुडघ्यात गेला.

"अहो, सांगू नका म्हटलं होतं ना," ती पुटपुटली.

"मी काय सांगं? मी तं फक्त दिधं."

तापीबाईंनी पाकीट उघडलं. वांगी रंगाच्या त्या दोन नळकांड्या उलटसुलट केल्या, त्यात हात घालून पाहिला, कोपरापर्यंत गेला तरी जागा उरली. "हाई काय शे?"

मग रुपा, जिला या घरात येऊन सगळ्यात कमी वर्षं झाली होती आणि म्हणून खोटं बोलायचा सराव ताजा होता, म्हणाली, "जिमचा युनिफॉर्म आहे, बाई. सगळ्या बायकांना सक्ती झाली. शाळेत असतो तसा."

"आन् मले कसाले? मी कोठे जिमले जास?"

"मान," हेमकांतराव म्हणाले.

मान म्हटल्यावर तापीबाईंनी पाकीट ठेवून घेतलं. आणि युनिफॉर्म ऐकल्यावर त्यांच्यातली शिस्त जागी झाली. दुसऱ्या दिवसापासून निघताना तिघींची दाराआड तपासणी. "घाला का?" असं विचारून त्या काठीच्या टोकाने खुणावून साडी गुडघ्यापर्यंत उचलायला लावायच्या, आणि वांगी रंग दिसला की सोडायच्या. सुटका नव्हती. भर मे महिन्यात, ज्या शहाद्यात दुपारी कुत्रीसुद्धा सावली बदलायला आळस करतात, तिथे तीन बायका गुडघ्यांना रजया बांधून रिक्षात बसायच्या.

आता त्या पट्ट्यांचं वागणं बघा. सीमा यंत्रावर चालायला लागली की तिच्या पायातून फचफच आवाज यायचा. जाड रबराच्या आत घाम साचायचा आणि पोटरीवरून ओघळायचा. प्रतिभा बार घेऊन खाली बसली की तिचे पट्टे आधीच खाली जाऊन बसलेले असायचे. गुडघ्याला आधार सोडा, उलट उठताना तिला हातांनी बार आणि मनाने पट्टे असं दोन्ही सांभाळावं लागायचं. रुपाचं तर विचारूच नका. तिच्या काटकुळ्या पायात ते बादलीत काठी ठेवल्यासारखे उभे राहायचे. तिने वर सुतळी बांधली. तीच, मापाची, सुरतेहून परत आलेली सुतळी.

"ताई, हे काढा बुवा," दलसिंग शेवटी वैतागून म्हणाला. "यापेक्षा काहीच नसलं तर बरं."

"काढता येत नाही, सर."

"का? इतके घट्ट आहेत?"

"सासूबाई आहेत," सीमा म्हणाली.

दलसिंगला हे कारण पटलं. घरोघरी असतं. पण त्याचा चेहरा पडला, कारण त्याच्या जिममध्ये आता खालच्या खतवाल्याच्या बायकोने विचारलं होतं की हा युनिफॉर्म मलाही लागेल का.

व्हायचं ते शुक्रवारी झालं. शुक्रवार झुंब्याचा. गाणं जोरात, रुपा रंगात. तिने उजवा पाय झाडला आणि सुतळी सुटली. पट्टा आधी घोट्यापर्यंत आला, पुढच्या झटक्याला पायातून निघाला आणि वांगी रंगाचा तो पक्षी सरळ सीमाच्या चालत्या यंत्रावर जाऊन बसला. यंत्राने तो मागे फेकला. सीमा घाबरून बाजूच्या कठड्यावर चढली आणि साप दिसल्यासारखी दोन्ही पाय फाकून उभी राहिली. फेकलेला पट्टा परत रुपाच्याच पायाशी आला. तिने नेमका त्यावर पाय ठेवला, आणि पुढच्या ठेक्याला सगळ्या बायका उजवीकडे गेल्या, रुपा खाली गेली. प्रतिभा तेव्हा बार घेऊन निम्म्यात होती. तिने "रुपा" म्हणून हाक मारली, आणि बार खांद्यावर असताना तिथे पहिल्यांदा कोणीतरी कोणाला तरी हाक मारली.

दलसिंगने बर्फ लावला, घोटा फिरवून पाहिला. मोडलं नव्हतं, मुरगळलं होतं. दोन दिवसांत बरं होईल. पण लंगडणं दोन तासांत कसं बरं व्हायचं?

बॅच अर्धी टाकून तिघी रिक्षात बसल्या.

"रिक्षातून उतरताना मुरगळला म्हणू," रुपा म्हणाली.

"मंग रिक्षा बंद करतीन," सीमा म्हणाली. "रिक्षा बंद म्हंजे जिम बंद. फिरी-घुमीसन तेच."

"पायरीवरून—"

"पायरी खतवालानी. गावमा येवाना आधी बाईले समजी."

प्रतिभा रिक्षाच्या दाराशी बसली होती. बाहेर कापसाची मोकळी रानं उन्हात पडली होती. तिला वाटलं, एवढं काय? एक तासच तर होता. लोकांच्या बायका कुठल्या कुठे जातात. आपला तर खताच्या दुकानावरचा एक मजला, घामाचा वास, आणि लास्ट म्हणून सहा मोजणारा पोरगा. पण तेवढाच आपला होता. चूक कोणाची होती? गुडघ्याची नव्हती. गुडघा बिचारा खरं बोलला होता. "मीच सांगते बाईंना," ती शेवटी म्हणाली. "मन्हा गुडघापासून सुरू झालं. जे व्हई ते व्हई."

गावात शिरताना मोठी भीती कमलीबाईंची. घरासमोर कमलीबाईंचा ओटा, आणि ओट्यावर चोवीस तास कमलीबाई. गल्लीतून कोण गेलं, किती वाजता आलं, जाताना पिशवी भरली होती की येताना, सगळं त्यांच्या डोळ्यांत. लंगडणारी सून त्यांनी बघितली असती तर तापीबाईंच्या कानावर रुपाच्या आधी रुपाचा पाय पोचला असता. पण आज ओटा रिकामा होता.

"देव पावला," सीमा म्हणाली.

घराचं दार मात्र आतून बंद होतं. भर दुपारी, गावात, जिवंत माणसाच्या घराचं दार बंद. प्रतिभाने कडी वाजवली. आत काहीतरी सरकलं. परत वाजवली. "बाई, आम्ही. उघडा ना." आत कुजबुज झाली, भांडं पडलं, कोणीतरी "खाले घाल, खाले घाल" म्हणालं. बऱ्याच वेळाने कडी निघाली.

पंखा फुल्ल होता. खोलीच्या मधोमध सतरंजी, तिच्यावर चार उशा, मधे शेंगदाण्यांची ताटली आणि घट्ट साखरेचा चहा. एका उशीवर कमलीबाई, त्यांच्या मांडीखालून बदामाची राणी अर्धी बाहेर आली होती. दुसरीवर मागच्या गल्लीतल्या अनुसयाबाई, देवाचं नाव घेत असल्यासारख्या डोळे मिटून. तिसरीवर दिवलीबाई, ज्या गुडघ्यांमुळे गेली कित्येक वर्षं कोणाच्या लग्नालासुद्धा जात नव्हत्या. पत्त्यांचा, मेंढीकोटाचा डाव रंगात आलेला. तो खेळ चौघांशिवाय होत नाही, आणि चौथ्या तापीबाई दारात उभ्या होत्या. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, आणि दोन्ही गुडघ्यांवर वांगी रंगाचे पट्टे, असे चपखल बसलेले, की जणू सुतळी त्यांच्याच गुडघ्यांना लावून माप घेतलं होतं.

तापीबाईंनी रुपाच्या पायाकडे पाहिलं. रुपाने बदामाच्या राणीकडे पाहिलं.

"लवकर उनात," तापीबाई म्हणाल्या.

"हां," प्रतिभा म्हणाली. मग तिने श्वास घेतला. "बाई, मले एक सांगनं व्हतं. मन्हा गुडघा—"

"मी काय इचारं का तुले?"

"नही."

"तुम्ही मले काय इचारी ऱ्हायन्यात का?"

तिघींनी सतरंजीकडे पाहिलं. "नही," तिघी म्हणाल्या.

"मंग बठ्ठं ठीक शे. कडी लाव."

सीमाने कडी लावली. चहा तिघींनाही मिळाला. त्यात साखर किती होती याबद्दल सीमाच्या डॉक्टरला काही सांगायचं नाही, असंही न बोलता ठरलं. मग दिवलीबाईंनी इतका वेळ रोखून धरलेला प्रश्न सोडला. "तापी, हाई गुडघाले काय लायेल शे? तू तं डाव सरना का फटकन उठस. आम्ही भिंत धरतस."

"हेमकांतनी आनं," तापीबाई म्हणाल्या. "गरम ऱ्हास. मन्हं गुडघानं दुखनं तीस साल जुनं शे, त्याले कोनी इचारं नही. पट्टा मान म्हनीसन भेटना तवय समजनं."

तिन्ही सुनांनी एकमेकींकडे पाहिलं आणि तिथेच, उभ्या उभ्या, पट्टे उतरवले. उतरवायला कष्ट पडले नाहीत. घाम पुसून तीन जोड तीन म्हातार्‍यांच्या हवाली झाले. कमलीबाईंना बसले. अनुसयाबाईंना बसले. दिवलीबाईंना किंचित घट्ट झाले, पण त्या म्हणाल्या, चालेल, आटायचे नाहीत म्हणजे झालं.

नंतरच्या आठवड्यात रुपाने शिंप्याची टेप आणली, दार लावून तिघींच्या उघड्या पायांची मापं घेतली, आणि ऑर्डर टाकली. ओटीपी गेला तापीबाईंच्या बटणांच्या फोनवर. पार्सल आलं तापीबाईंच्या नावाने. ते उघडायची छाती त्या घरात कोणाची? सीमाला पातळ, चालायचे. रुपाला त्याहून लहान, उड्यांचे. प्रतिभाला मधले, थोडं सगळं करणाऱ्यांचे, चढवताना ओढून ओढून दमवणारे. तीन मापं, दोन जाड्या, तीन रंग. घर फुटलं नाही. भांडी आपटली नाहीत. प्रतिभाने वजन थोडं उतरवलं. गुडघा वाजायचा तो वाजतच राहिला, पण दुखायचा थांबला, आणि नुसत्या वाजण्याला त्या घरात आता कोणी कान देत नव्हतं.

हेमकांतरावांना यातलं काही माहीत नाही. एका संध्याकाळी त्यांनी झोपाळ्याशी उभं राहून चौकशी केली. "बाई, पट्टा कसा शेत?"

"चारी जोड रोज वापरमा शेत," तापीबाई म्हणाल्या. आणि हे शंभर टक्के खरं होतं.

हेमकांतरावांनी स्वयंपाकघराकडे विजयाने पाहिलं. एक रंग, एक माप, एक भाव. त्यांना वाटलं, दुनिया उगाच डोकं चालवते.

"पन एक सांग," तापीबाई म्हणाल्या. "तो जिम रविवारले बंद कसाले ऱ्हास?"

"सुट्टी ऱ्हास, बाई."

"सुट्टी कसानी? रविवारले पाय ऱ्हातस नहीत का? तू गावमा मोठा मानूस म्हनतस तुले. जाय, त्यासले सांग, रविवारले बी उघडा. आन् एक तासमा काय व्हस? दोन तास जाऊ दे त्यासले."

हेमकांतरावांचे डोळे भरून आले. सत्तरीची आपली आई, आणि सुनांच्या तब्येतीची ही काळजी. दुसऱ्या दिवशी पारावर ते हेच सांगणार होते. त्यांनी आवाज चढवून आत विचारलं, "ऐकं का वं? बाई काय सांगी ऱ्हायनी?"

आत तिघी कणीक मळत होत्या. कोणी मान वर केली नाही. प्रतिभा पिठाचा हात झटकत, एखादं मोठं ओझं अंगावर घेतल्याच्या सुरात म्हणाली,

"बाई सांगतीस तं जानंच पडी."